इंजिन बंद पडलं तर?

हेलिकॉप्टर चालवणाऱ्या बाईला लग्नाच्या पंगतीत बसवा, पान उचलेपर्यंत एकच प्रश्न: "इंजिन बंद पडलं तर?" उत्तरं देता देता माझ्याकडे किश्श्यांचा ढीग झालाय!

*

सर्वात आधी विचारलं आईने. मला शिकवणारे कॅप्टन, आमचे 'सर', कोरगावला आमच्या घरी जेवायला आले होते. ते म्हणाले, "आई, हेलिकॉप्टर खाली येताना वारा खालून पात्यांत शिरतो. त्या वाऱ्यावरच पाती फिरत राहतात. ती फिरतायत तोवर आपण पडत नाही, उतरतो."

आईने विचार केला. "मगे इंजिन लायतात कित्याक?"

"वर जायला, आई!" सर म्हणाले.

*

ट्रेनिंगमध्ये सर हवेतच इंजिनाची ताकद काढून घेत. डाव्या हाताशी पात्यांचा कोन बदलणारी लिव्हर असते; वर ओढली की हेलिकॉप्टर उचललं जातं, पण इंजिन नसेल तर पात्यांची फिरकी संपते. खाली जातोय म्हटल्यावर हात ती वर ओढतो. मीही ओढली. पाती झपकन मंदावली.

"खाली! आधी खाली!" सरांनीच ती दाबली.

जमिनीवर आल्यावर मी रडवेली. "सर, मला नाही जमणार."

"घाबर की खुशाल! हाताला फक्त दिशा शिकव."

*

हात शिकला. इतका, की घरी लाइट गेली तरी डावा हात आपोआप खाली जायचा. नवरा म्हणायचा, "अगं, फॅन बंद झालाय, घर पडत नाहीये!"

*

आणि एकदा ते खरंच झालं. डिचोलीवरून चाललो होतो. मी चालवत होते, शेजारी सर, मागे लग्नाच्या वाढदिवसाची सफर करणारं एक वयस्क जोडपं. धाडकन आवाज झाला, इंजिन गप्प. मला कळायच्या आत हात खाली गेला होता.

"नार्वे गावातली शेतं," मी म्हटलं. कापणी होऊन मोकळी पडली होती.

सरांनी स्वतःचे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तूच उतरव."

वाऱ्यावर फिरणारी पाती, पायांखाली वर येणारं शेत. जमिनीजवळ हेलिकॉप्टरचं नाक वर उचललं, वेग तोडला, आणि पात्यांत उरलेली सगळी फिरकी लिव्हरच्या एका ओढीत खर्च केली. टेकलो. मागच्या आजी नवऱ्याचा हात धरून हसत होत्या आणि रडतही होत्या. सर माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

तेवढ्यात बांधापलीकडे चरणाऱ्या म्हशींचा मालक धावत आला. धापा टाकत त्याने हात जोडले.

"मशीन बंद करून आयलात, तें बरें केलें, बाय! म्हशी भियेल्यो नात!"