भागिरथीचं आजारमंडळ आणि प्रवीणचा विमा

तिसगावच्या भागिरथीला कुठलीही गोष्ट नुसती ऐकून पटायची नाही. जाऊन बघायची, चार प्रश्न विचारायची, मगच मान हलवायची. एकदा तिच्या नवऱ्याला धाप लागली, तेव्हा बौद्धवाड्यातल्या लोकांनी घराघरांतून पैसे गोळा करून त्याला टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं. तो वाचला. त्यातूनच भागिरथीनं मंडळ उभं केलं. कुणाच्या घरी आजार आला की सगळ्यांनी वर्गणी द्यायची आणि आजाऱ्यापाशी आळीपाळीनं बसायचं. गावानं त्याचं नाव पाडलं आजारमंडळ.

त्र्याण्णव साली तिचा भाचा प्रवीण नगरच्या एमआयडीसीत कामाला लागला. पहिल्या पगाराला घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"आत्या, विम्याचे पैशे कापले."

"आपलं मंडळ हाय म्हनून सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं. सायब म्हनला, कायदाच हाय. आता मी दोन्हीकडं कशाला भरू? मंडळातनं माझं नाव काढा."

हे ऐकून मंडळातला म्हातारा रंभाजी हबकला. "आज ह्यो गेला, उद्या दुसरा जाईल. कमावती पोरं गेल्यावर मागं आपुन खोकणारेच राहू की!"

"थांबा," भागिरथी म्हणाली. "ह्यो विमा काय हाय, ते आधी बघून येते."

एसटीनं ती नगरला गेली आणि प्रवीणला घेऊन कामगार विम्याच्या दवाखान्यात शिरली. तिथं वृषाली नावाची तरुण कारकून बसली होती. भागिरथीनं सरळ विचारलं, "बाई, आमी एकमेकाचं आधीच बघतो. मग ह्याला सक्ती का?"

"मावशी, मशीनमध्ये हात गेला तर तुमचं मंडळ एवढा खर्च कुठून आणणार? आणि एकाला सूट दिली, तर मालक म्हणेल, ह्यांचं मंडळ आहे, मी कशाला भरू?"

"म्हंजी मालक बी भरतो?"

"कामगारापेक्षा जास्त."

भागिरथी सरसावून बसली. "मग ह्यो आमच्यात ऱ्हायला तर सरकार धरतं का?"

वृषालीला हसू आलं. "नाही हो. मंडळात खुशाल राहू दे. फक्त मंडळ आहे म्हणून विमा टळत नाही."

"अन् आजारपनात रोज बुडतो, त्याचं?"

"त्यातलाही काही भाग मिळतो."

भागिरथीनं मान हलवली. परतीच्या एसटीत तिला मंडळातली चांगुणा आठवत राहिली. टायफॉइडमध्ये मंडळानं तिच्या औषधाचं बघितलं होतं. पण खुरपणीचा रोज बुडाला आणि घरात चूल धड पेटली नाही. तिकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना बोलावलं. "प्रवीन मंडळात ऱ्हाईल. त्याची वर्गनी निम्मी. पन आपलं मानूस नगरच्या दवाखान्यात गेलं, तर त्याच्यापाशी ह्यानं बसायचं. आन आजपासून, कोन आजारी पडलं तर त्याच्या वाटनीचं काम आपुन आळीपाळीनं करायचं. मजुरी त्याच्या घरी."

"ही अक्कल कुठनं आनली?" रंभाजीनं विचारलं.

"इम्यातनं."

दुसऱ्या वर्षी प्रवीणचं बोट खरंच मशीनमध्ये सापडलं. उपचार आणि बुडालेल्या पगाराचा भार विम्यानं उचलला. दवाखान्यात त्याच्या उशाशी मात्र रंभाजी बसला होता, आपणहून. भागिरथी डबा घेऊन आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "भागिरथे, शेतमजुराला घेत न्हाईत का गं ह्याच्यात?"

तिलाही ते माहीत नव्हतं. डबा त्याच्या हातात देऊन ती तडक वृषालीकडं गेली.

"नाही मावशी, शेतमजूर यात बसत नाहीत. ते दिल्लीत ठरतं."

"बरं," भागिरथी बाकावर टेकत म्हणाली, "दिल्लीत कुनाला इचारायचं, तेवढं सांग."