बिस्मथ घालू नये

ओतकाम करणाऱ्या या माणसाला सगळे घुम्या म्हणत, आणि नाव काही खोटं नव्हतं. थोरला भाऊ भांडून वेगळा झाला, मागोमाग बायको गेली, तेव्हापासून दिवसाकाठी त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तरी डोक्यावरून पाणी. पूर्वी वितळलेल्या धातूची मूस कलती करण्याआधी तो विचारायचा, "दादा, ओतू?" आता नुसती जीभ हलायची.

अशाच एकट्या दिवसांत त्याने नळांसाठी बिनशिशाचं पितळ केलं. तांबं, जस्त, थोडं कथील आणि शिशाच्या जागी चिमूटभर बिस्मथ. आयुष्यात एवढं एकच काहीतरी त्याचं स्वतःचं होतं, त्यावर आपलं नाव लागावं असं त्याला फार वाटे. पण पेटंट कचेरीतल्या बाईंनी अर्ज वाचून मान हलवली.

"चारही धातू जुनेच आहेत, काका. ते एकत्र करणं तुमच्या धंद्यात कुणालाही सुचेल, आणि सहज सुचेल त्याला पेटंट नाही. सुचलं नसतं, असं सांगणारा जाणकार आणा."

कुठून आणायचा? धंद्यातला जो तो म्हणे, "त्यात काय एवढं, आमच्याही डोक्यात होतंच." इतकी वर्षं ते डोक्यात काय अंडी उबवत बसलं होतं, देव जाणे!

उरला दादा. घुम्या त्याच्या दारात गेला, आत न जाता काम सांगून परतला. दादा येईल अशी आशा नव्हती. पण सुनावणीला तो आला.

"बिस्मथ घातलं की पितळ तडकतं, हे आम्हाला मिसरूड फुटायच्या आत शिकवतात," दादा म्हणाला. "हा असलं काही करताना दिसता, तर मी याचा हात धरला असता. कुणीही धरला असता."

"म्हणजे जाणकार या वाटेला गेलाच नसता, आणि यांचं पितळ तर तडकलं नाही. मग पेटंट द्यावं लागेल." बाईंनी लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "तुम्ही कसे गेलात, काका?"

"हात धरायला कुणी नव्हतं."

जिंकला होता, पण घुम्याला रडू येत होतं.

बाहेर फाटकाशी दोघे थांबले.

"मला विचारायचंस एकदा," दादा म्हणाला.

"तू नको म्हणाला असतास. मग हे पेटंट नसतं."

"नसतं. पण मी असतो."

घुम्याला 'घरी चल' म्हणायचं होतं. जीभ नुसती हलली, आणि दादा रस्ता ओलांडून गेला.