फटीतला धागा

वडील गेल्यावर त्यांची शिडाची छोटी होडी कोन गावात खाडीकाठी पडून होती. विकायची तर आधी फळ्यांच्या फटींत कापूस भरायला हवा होता. पण मी पडलो लूमवाला. यंत्रमागाच्या कारखान्यात पॉलिस्टरचा वेस्ट धागा फुकट मिळतो, तोच कोंबला आणि वर निळा रंग फासला.

बघायला आलेला माणूस साठीचा होता, खांद्यावर टॉवेल. किंमत विचारलीच नाही. चपला बाहेर काढून होडीत चढला आणि बोटाच्या पेरांनी एकेक फळी वाजवत कान देऊन ऐकत राहिला. एका फटीपाशी तो थांबला, नखानं रंग खरवडला, धागा ओढून काढला आणि काडी पेटवून त्याला लावली. कापूस असता तर राख झाली असती. याचा काळा मणी झाला. भिवंडीत धागा असाच ओळखतात. मी तर रोज ओळखतो.

आता हा शिव्या घालणार, म्हणून मी मान खाली घातली.

"कापूस पानी पितो, फुगतो, फट बंद करतो," तो शांतपणे म्हणाला. "ह्यो पीतच न्हाय. होडी चांगली हाय, मी घेतो. पन पयल्या दिवशी खाडीत माझ्या बाजूला तू बसाचं."

मी हो म्हटलं. त्याचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही. तो गेला तसा मी धामणकर नाक्यावरून सुती धागा आणला आणि सगळ्या फटी पुन्हा उकरायला बसलो. खाडीवाल्याचा मुलगा असून मला पोहता येत नाही.