दर्शनाच्या आईचं बोलणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, नट माणूस, तो काय गप्प बसणार? खरंय. कुठल्या प्रयोगात माझं धोतर सुटलं, कुठे मी दुसऱ्याच नाटकातलं वाक्य बोलून मोकळा झालो, सगळं जगजाहीर आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं बायको म्हणते. हा एक मात्र इतकी वर्षं भिजून भिजून फुगलाय — आणि तो तिलाही ठाऊक नाही.

कुठून सुरुवात करू? आधी मी कोण ते सांगतो. व्यावसायिक रंगभूमीवरचा नट. जाहिरातीत ज्याचं नाव तिसरं किंवा चौथं येतं तो. लोक चेहरा ओळखतात, नाव विचारतात. एक्स्प्रेस-वे नवा नवा झाला त्या काळात पनवेलच्या एका मंडळानं मला मे महिन्यात मुलांचं नाट्यशिबिर घ्यायला बोलावलं. सकाळी शिबिर, शनिवार-रविवारी प्रयोग. तळ्याजवळच्या एका शाळेचा हॉल, वर पत्रे, तीन पंखे, त्यातला एक कुरकुरणारा. डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, नवीन पनवेलच्या सोसायट्यांतली तीसेक मुलं. आईबापांना एकच हवं होतं — पोराला 'स्टेज डेअरिंग' यावं, आणि जमलं तर एखाद्या मालिकेत चिकटावं. मी माना डोलवायचो. मला तिथे सर म्हणायचे. मुंबईत मला कोण सर म्हणणार होतं?

त्या तिसांत एक दर्शना होती. तेरा वर्षांची, सुकापूरची. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. शाळेतल्या बाईंनी परस्पर तिचं नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी तिनं 'मी नाय करनार' म्हटलं आणि सगळा हॉल खिदळला. मी काय केलं? मुलांना दटावलं नाही. तिलाच म्हणालो, 'नाय नाही, नाही म्हणायचं.' मग पोरं आणखीच हसली, आणि खरं सांगायचं तर माझ्या विनोदाला हशा आला म्हणून मला बरंच वाटलं. ही माझी जुनी खोड आहे. हशा आला की मी आंधळा होतो. नंतर चार दिवस ती मुलगी मान खाली घालून बसली होती.

आता त्या खेळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. शिबिरात मी 'घरातलं माणूस' नावाचा एक पाठ घ्यायचो. प्रत्येकानं घरातलं एक माणूस करून दाखवायचं. नक्कल नाही. त्या माणसाला आपल्याकडे कुणी बघत नाहीये असं वाटत असताना ते जसं असतं, तसं. आणि त्याआधी गोल बसून, सगळ्यांचे हात मधे ठेवून शपथ — इथे जे दिसलं ते या दाराबाहेर जाणार नाही. घरी नाही, मित्राला नाही, कुणालाच नाही. शपथेशिवाय मुलं मोकळी होत नाहीत, हे मी एका जुन्या नटाकडून शिकलो होतो. शपथ मीच द्यायचो, आणि माझाही हात त्यात असायचा. सगळ्यांत वर.

मुलांनी आजोबा केले, दाढी करताना आरशाशी बोलणारे बाबा केले. मग दर्शना उठली. मला वाटलं, रडून बसेल. ती जमिनीवर उकिडवी बसली, पायाखाली नसलेली विळी धरली आणि मासे साफ करायला लागली. हात असा चालत होता की मला खवले दिसले. मग एका माशाचं डोकं कापून बाजूला ठेवलं आणि न बघता शेजारी कुणाशी तरी बोलायला लागली. 'ये, बस. केस इंचरलेस का नाय? या डोका तुजा. धाकटीला नाय देत. आता तरी रुसू नको.' मधे थांबायची. समोरच्याचं ऐकायची. मान हलवायची, हसायची, पुन्हा कापायची. मग एकदम हात थांबला, तिनं दाराकडे पाहिलं — कुणी उठलं तर नाही ना — आणि बाजूला काढलेलं माशाचं डोकं हळूच परत टोपात टाकलं.

हॉलमध्ये तो पंखा तेवढा वाजत होता. एका डॉक्टरांची मुलगी डोळे पुसत होती. पहिल्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं खिदळलेला मुलगा मान वळवून भिंतीकडे बघत होता. मी वीस वर्षं रंगमंचावर होतो. इतकं खरं काही मी तोवर केलेलं नव्हतं. हे तेव्हाच कळलं मला, आणि ते टोचलं. तेरा वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला. हेही आजच बोलतोय.

शिबिर सुटल्यावर ती थांबली. तिनं सांगितलं, थोरली बहीण, वनीताई, काविळीनं गेली होती, दोन वर्षांपूर्वी. आई पहाटे मागच्या पडवीत तिच्याशी बोलते, माशाचं डोकं थोरलीला आवडायचं. 'आईला म्हाईत नाय मी बघते ते. तुमी कुनाला सांगू नका हां सर.' मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, 'वेडी आहेस का? शपथ घेतलीय ना आपण.'

त्या पावसाळ्यात मला एक फार्स मिळाला. त्यात मी बाईच्या वेषात, मासळीवाली. लुगडं, अंबाडा, सगळा थाट. पण दुसरा अंक बसत नव्हता. माझ्या प्रवेशाला मेणबत्ती विझावी तसं नाटक विझायचं. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, 'अरे, काहीतरी घे की तुझं तू.' नाटकवाले त्याला ॲडिशन म्हणतात, लेखकानं न लिहिलेलं, नटानं घातलेलं. तिसऱ्या की चौथ्या प्रयोगाला मी विळीवर बसलो आणि शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलायला लागलो. 'ये, बस. केस इंचरलेस का नाय? या डोका तुजा.'

ठरवून केलं का? मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की ते आपोआप आलं. खोटं आहे. आदल्या दिवशी मी आरशासमोर ते बसवलं होतं. डोळे फिरवले, मान हलवणं जरा वाढवलं, शेवटी माशाचं डोकं चोरून टोपात टाकताना कंबर उडवली. थिएटर कोसळलं हो! माणसं खुर्चीवरून पडायची बाकी होती. नाटक त्या जागेवर चाललं. एका पेपरवाल्यानं विचारलं, ही मासळीवाली सापडली कुठे? मी सांगितलं, उरणच्या बाजारात आठ दिवस जाऊन बसलो होतो, निरीक्षण केलं. छापून आलं ते. कात्रण अजून घरात आहे. उरणच्या बाजारात मी अर्धा तासही बसलेलो नाही.

दिवाळीनंतर पनवेलला प्रयोग लागला. मी मेकअप करत होतो, अंबाडा बांधायचा बाकी होता, आणि दारात दर्शना. तिच्यामागे तिची आई. नवी साडी, हातात सुक्या बोंबलाची पिशवी. मला तसा अर्धा बाई झालेला बघून ती लाजली, तोंडावर पदर घेतला. म्हणाली, 'सर, पोर घरान नुसता तुमचाच नाव घेते. आदी बोलत नव्हती, आता बगा कशी बोलते.' पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. वास यायला नको म्हणून तिनं ती तिहेरी बांधली होती. दर्शना नुसती आनंदानं माझ्याकडे बघत होती. नाटकात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं.

पहिला अंक झाला. मध्यंतरात मी विंगेत उभा. पंधरा मिनिटं होती माझ्याकडे. ती जागा गाळणं काय अवघड होतं? ॲडिशन माझी, कुणाला विचारायचीही गरज नव्हती. बरोबरच्या नटाला 'आज ते घेत नाही' एवढं म्हटलं असतं की झालं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात तोच म्हणाला, 'हाउसफुल्ल आहे रे, पनवेलकर आज तुझ्या विळीची वाट बघतायत.' आणि मी हसलो. चहा प्यायलो.

आणि घेतलं. आणखी सांगू? त्या दिवशी नेहमीपेक्षा लांबवलं. हशा येत गेला, मी वाढवत गेलो. त्या दोघी तिसऱ्या रांगेत कडेला होत्या. सुरुवातीला तिची आई सगळ्यांबरोबर हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग 'या डोका तुजा' आलं. पदर तिथेच राहिला, खांदे थांबले. तिनं माझ्याकडे नाही पाहिलं. तिनं शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. सगळं थिएटर हसत होतं आणि ती बाई आपल्या पोरीकडे बघत होती. मी कंबर उडवून ते डोकं टोपात टाकलं, टाळी घेतली, आणि आत गेलो.

प्रयोग संपल्यावर त्या भेटायला आल्या नाहीत. पिशवी मी मेकअपवाल्याला देऊन टाकली.

पुढल्या मे महिन्यात पुन्हा शिबिर. पहिल्याच दिवशी दर्शना हॉलच्या दाराशी उभी. नाव घालायला नव्हती आली. आत बोलावलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबली. वर्षभरात उंच झाली होती. आजूबाजूला नव्या मुलांचे आईबाप, त्यामुळे मी आवाज खाली आणून लगेच सुरू झालो — अगं, ते नाटकातलं ना, तशा बायका मी उरणला पुष्कळ... तिनं पुरतं बोलूही दिलं नाही. 'ऱ्हाऊ दे सर ते.' भांडायला आलीच नव्हती ती. तिला एक काम होतं माझ्याकडे.

ती म्हणाली, 'आई आता बोलत नाय पहाटे. वनीताईशी. गप मासे कापते. आनि माज्याशी पन कामापुरताच बोलते. तिला वाटते, मी तिची मजा करून दाखवली. मी लय सांगते, ती ऐकत नाय.' मग म्हणाली, 'तुमी एकदा घरी येऊन सांगा ना, सर. मी केला तवा कुनीच हसला नाय म्हनून. तुमी सांगितला तर आईला पटेल. तुमी व्हता ना तिथं.'

बस्, एवढंच. चोरी केलीत असं नाही म्हणाली, माफी माग असं नाही म्हणाली. साक्ष मागत होती. तीस मुलांत मोठा माणूस मी एकटाच होतो, आणि तिच्या आईच्या लेखी सर म्हणजे सर. माझ्या एका वाक्यानं त्या घरातलं बोलणं परत सुरू झालं असतं कदाचित. मी म्हणालो, रविवारी येतो. तिनं दोनदा विचारलं, 'नक्की?' घर सापडायचं नाही, नव्या बिल्डिंगांच्या मागे आहे, मी नाक्यावर उभी राहते, म्हणाली. मी नक्की म्हणालो.

रविवारी माझा प्रयोग नव्हता. स्टँडवरून रिक्षा केली. म्हणजे जायचंच होतं मला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, पाठ केल्यासारखी. रेल्वे ओलांडली, नवीन पनवेल मागे पडलं. आणि मनात एकच चाललेलं — ती बाई मला काय विचारेल? तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही का केलंत? तिथे समोर पडवी असेल, विळी असेल. मी खरं बोललो तर ती माझ्याकडे कशी बघेल? पोरीकडे बघितलं होतं तशी? माझी पाचावर धारण बसली. एका मासळीवाल्या बाईसमोर उभं राहण्याची भीती, मला, ज्यानं हजार माणसांसमोर तिचंच सोंग करून टाळ्या घेतल्या.

सुकापूरचा नाका आला. दर्शना उभी होती. डोक्यावर ऊन, केसांना तेल लावून घट्ट वेणी, अंगात चांगला ड्रेस. येणाऱ्या प्रत्येक रिक्षात वाकून बघत होती. रिक्षावाल्यानं विचारलं, 'इथेच ना साहेब?' तिनं मला पाहिलं. ओळखलं. तिचा चेहरा असा उजळला, आणि तिनं थांबवायला हात वर केला.

मी म्हणालो, 'नाही, सरळ घ्या.'

रिक्षा पुढच्या गावाच्या, नेऱ्याच्या रस्त्याला लागली. मागच्या छोट्या काचेतून पाहिलं तेव्हा तिचा हात अजून वरच होता.