खडूची फुली

सरकारी इमारतींच्या रंगकामावर देखरेख करण्यात ज्या माणसाची एकतीस वर्षं गेली, त्याने स्वतःच्या हातात ब्रश कधी धरलाच नव्हता. धरायची गरजही नव्हती. साहेबांच्या खिशात खडू असायचा. भिंतीवर कुठे ओघळ दिसला, कुठे रंग विरळ दिसला, की तिथे फुली. पहिल्या तपासणीत त्यांनी आयुष्यात एकही भिंत पास केली नाही. रंगारी पाठीमागे त्यांना फुलीसाहेब म्हणत. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मग निवृत्ती आली. खडू खिशात राहिला, भिंती मात्र गेल्या. दोन महिने साहेबांनी बायकोच्या भाजी निवडण्यावर देखरेख केली. शेवटी एका सकाळी बायकोने जाहीर केलं, "मी बाहेरची खोली रंगवणार आहे. स्वतः."

साहेबांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. खोलीच्या मधोमध खुर्ची मांडून त्यांनी प्रवचन सुरू केलं. आधी पोपडे खरवडायचे. भेगा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायच्या, ती वाळली की पॉलिश पेपर मारायचा, धूळ पुसायची, मग प्रायमर. रंगाचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करायचे, नाहीतर दोन डब्यांच्या छटा भिंतीवर भांडत बसतात. छत आधी, भिंती नंतर. कडा ब्रशने, मधलं सगळं रोलरने. आणि एकदा हातात घेतलेली भिंत अर्ध्यात सोडायची नाही, सांधा दिसतो.

सल्ला शंभर टक्के खरा होता, हीच तर पंचाईत.

"एकतीस वर्षं जेवताना हेच ऐकत आलेय," बायको लांबी घोटत म्हणाली. "पाठ झालंय मला. आता उठा, सामान झाकायचंय."

"कामावर कुणाचं लक्ष नको का?"

बायकोने हुज्जत घातली नाही. कपाट आणि पलंग तिने शेजाऱ्यांच्या मदतीने आधीच मधोमध आणले होते. त्यांच्यावर तिने जुनी चादर टाकली, आणि साहेब जागचे हलेनात म्हणून चादरीचं उरलेलं टोक साहेबांच्या डोक्यावरून ओढून घेतलं. जे हलत नाही ते झाकून टाकावं, हाही त्यांचाच नियम.

दुसऱ्या दिवशी पहिला हात वाळल्यावर साहेबांनी खडू बाहेर काढला. चौदा फुल्या. बायकोने ओल्या फडक्याने चौदाही पुसल्या आणि शांतपणे दुसरा हात मारला. तिसऱ्या दिवशी खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा साहेब भिंतीला जवळजवळ गाल लावून खोलीभर फिरले. रंगवलेल्या भागात फुली मारायला जागा सापडेना. आपल्यावाचून या घराचं काहीएक अडत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. निरोपाची भाषणं ऐकतानाही त्यांना इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"कपाट असतं तिथला कोपरा राहिलाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलाय."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. ब्रश बादलीतून भिंतीपर्यंत जाईतो निम्मा रंग चष्म्यावर आणि फरशीवर आला. कड सरळ धरायला गेले तर ती नागमोडी झाली. पाव तासात खांदा असा भरून आला, की ते भिंत अर्ध्यात सोडून खाली बसले. एकतीस वर्षांत रंगाऱ्यांनाही खांदे असतील, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रंग वाळला. ओघळ होते, सांधा तर दारातून दिसत होता. साहेबांनी खडू काढला, हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग खडू बायकोपुढे धरला.

"तूच बघ."

बायको कोपऱ्याजवळ गेली. वरपासून खालपर्यंत बघितलं, वाकून बघितलं. तिने खडू त्यांच्या खिशात परत ठेवला.

"चालेल," ती म्हणाली.

हा शब्द साहेबांनी नोकरीत पहिल्या तपासणीला कुणालाही दिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"खरंच?"

"खरंच. आता जरा हात लावा," ती म्हणाली, "कपाट जागेवर सरकवू."