मधल्यान फाटी बघूची

आमच्या आईचा भाव करण्याचा एकच नियम होता: आपण आधी बोलायचं नाही. मासेवाली पाटी घेऊन घरापुढच्या खळ्यात बसली की आई बांगडे उलटेपालटे करून बघायची, तोंड वाकडं करायची आणि उठून तांदूळ निवडायला बसायची. भाव विचारायचीसुद्धा नाही. मासेवाली बडबडत पाटी डोक्यावर घ्यायची आणि बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, जायची. तिथे ती वळायची आणि आपणहून भाव खाली आणायची. ती वळली नाही असं मी कधी पाहिलं नाही.

"आधी बोललो तो मेलो," आई मला सांगायची.

मी याच्यावर पोट भरलं. सुरुवातीला देवगडच्या बागांत दुसऱ्यांच्या पेट्या भरल्या, मग दुसऱ्यांच्या पेट्यांबरोबर ट्रकमध्ये बसून मुंबईच्या बाजारात गेलो, आणि आता मोहोर बघून बागा कराराने घेतो. बाजारातल्या जुन्या दलालांचा भाव फडक्याखाली व्हायचा. हातात हात, वर टॉवेल. एक बोट धरलं की एक, पाचही धरली की पाच. शेकडा की हजार ते तेवढं तोंडाने सांगायचं. बाकी तोंडाचा उपयोग नाही. तोंड दगडाचं ठेवायचं. ते मला इतकं जमलं की पुढे ते काढून ठेवणं जमेना.

वडील गेले तेव्हा पहिल्यांदा त्याचा तोटा झाला. आम्ही तीन भाऊ. थोरला मुंबईला नोकरीत, धाकटा तेव्हा शिकत होता, वडिलांना दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे. थोरला येईपर्यंत सगळे थांबलो. तो आला, आंघोळ केली, अग्नी दिला. मी भावकीतल्या काकांना विचारलं, ही वाटणी कोणी ठरवली? काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात वयस्कर. रीत त्यांच्या तोंडून निघते आणि मग ती बदलत नाही.

"बापाक थोरलो, आवशीक धाकटो," ते म्हणाले.

"आणि मधल्याक?"

काकांनी थोडा विचार केला. यापूर्वी कोणी विचारलं नसावं. मग सरणाकडे हात करून म्हणाले, "मधल्यान फाटी बघूची."

फाटी म्हणजे सरपण. ते मी बघितलंच होतं. लोक हसले नाहीत, पण पुढे कोणाच्या लग्नात, बारशात, कुठेही काम निघालं की कोणीतरी म्हणायचं, "मधलो आसा मां, फाटी बघीत." मी दोन-तीन जणांशी त्यावरून भांडलो. एकाशी अजून बोलत नाही.

तेव्हापासून मला माहीत होतं की आईच्या वेळीही माझा नंबर नाही. धाकटा आता बांद्याला असतो, रोज मोटरसायकलवरून गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला जातो. तो आईचा लाडका. आई मात्र माझ्याकडे होती. शेवटचं वर्ष ती माजघरातल्या खाटेवर पडून असायची. संध्याकाळी मी तिथे बसून दिवसाचा सौदा सांगायचो. कुठली बाग, काय बोलणं झालं, कितीला तुटलं, म्हणजे भाव शेवटी कुठे ठरला. ती डोळे मिटून ऐकायची आणि कुठलाही आकडा सांगितला तरी तिचं उत्तर एकच: "फसलंस."

एकदा मी मुद्दाम बाग फुकट मिळाली म्हणून सांगितलं. म्हणाली, "मगे बागेत कायतरी खोट आसतली. फसलंस."

ती पहाटे, पहिल्या चहाच्या वेळी गेली. थोरल्याला फोन केला, धाकट्याला फोन केला, काकांना बोलावलं. मग मी सामान आणायला बाजारात गेलो, कारण ते काम माझंच होतं. दुकानदाराने न विचारता एकेक वस्तू पुढे ठेवली. पांढरं कापड, मडकं, गुलाल, कापूर. मी सवयीने म्हणालो, "काय ता नीट लाव."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भाऊनू, ह्या सामानाचो भाव करूचो नसता."

"माका ठावक आसा," मी म्हणालो आणि त्याने सांगितले तेवढे पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा. घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. दुपारी थोरला गाडीतून उतरला, आईच्या पाया पडला, रडला, नाक पुसलं आणि मला म्हणाला, "आवशीच्या सामानाक पण घासाघीस केलंस मां?"

मी बाहेर आलो. खळ्यात लाकडं यायला लागली होती. आमच्याकडे सरणासाठी वाडीतल्या प्रत्येक घरातून एखादं लाकूड येतं. मी ती वाजवून बघत होतो. एकाने ओला फणस आणला होता. मी त्याला परत पाठवलं. तो म्हणाला, "भाऊ, मेल्या माणसाक सुक्या-ओल्याचा काय?" मी म्हणालो, "तिका नाय, आगीक आसा." कमी पडलं ते मी माझ्या मांगरातलं, परसातल्या खोपटातलं, काढलं. वादळात पडलेला रायवळ आंबा फोडून मी तिथे रचून ठेवला होता. चांगला कोरडा. कशासाठी ठेवलाय म्हणून बायको नेहमी विचारायची आणि मी काहीतरी सांगायचो.

तीच बायको मांगरात माझ्यामागून आली. म्हणाली, "तुमका आग देवची आसा मां?"

"मी खंय तसा बोललंय?"

"बोलूक नाय म्हणानच इचारतंय. तुमका होया आसला तर तोंडान सांगा. तुमच्या तोंडार कोणाक काय एक दिसणा नाय. माका पण अंदाजान चलूचा लागता."

मी म्हणालो, ही टोपली धर.

खरं म्हणजे मी वाट बघत होतो. सकाळपासून मी ज्याला त्याला दिसेल असा खपत होतो, आणि मनात धरून होतो की यांच्यातलं कोणीतरी बेड्यापर्यंत जाऊन वळेल. काका म्हणतील, इतकं केलंस, आता अग्नीही तूच दे. नाहीतर थोरला म्हणेल. नाहीतर धाकटा स्वतः. मी तोंड दगडाचं ठेवून लाकडं मोजत होतो आणि कोणी वळत नव्हतं. वळतील कसे? मला हवा तो माल कुठला तेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना मी फाटी बघताना दिसत होतो आणि फाटी खरंच नीट लागत होती.

स्मशान खाडीच्या काठाला आहे. सरण मी रचलं. आईला ठेवलं. धाकटा खाडीत बुडी मारून ओल्या पंचाने वर आला. त्याच्या अंगावर काटा होता. भटजींनी मंत्र म्हटले, कोणीतरी झावळांची चूड पेटवली आणि त्याच्या हातात दिली. तो सरणाकडे वळला.

"रव," मी म्हणालो.

सगळे थांबले. थोरल्याने विचारलं, "काय झाला? फाटी कमी पडली?"

"फाटी पुरे आसत. माका आग देवची आसा."

चूड तडतडत होती. काकांनी हात कानाला लावला. त्यांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"आताच कित्याक आठावला?" थोरला म्हणाला.

मग माझं डोकं फिरलं. आठवलं नाही, वडिलांच्या वेळेपासून लक्षात आहे, म्हणालो. तुम्ही पाहुण्यासारखे येता, आग देता आणि जाता, आणि मी लाकडं वाजवत बसतो. तिला उचलून बसवायला कोण होतं, तिच्या शिव्या कोणी खाल्ल्या, तेव्हा रीत कुठे गेली होती? आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्मशानात मोठ्याने बोलू नये असं कोणीतरी म्हणालं, त्यालाही दिल्या. खाडीपलीकडे एक माणूस होडी रंगवत होता, तो ब्रश खाली ठेवून बघायला लागला.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा धाकट्याने चूड माझ्यापुढे केली.

"घे रे भाऊ. आधी सांगूचा नाय? मी सकाळपासून भियान मरतंय. घे."

मी तयारी करून ठेवलेले सगळे मुद्दे वाया गेले. मी हात पुढे केला, पण काकांनी काठी मध्ये घातली.

"तसा चलणा नाय. आवशीक धाकटोच. पुढचे दिस, पिंड, सगळा तेच्याच हातसून होवचा आसा."

"मगे अर्धी माका देवा."

"आगीत अर्धो वाटो नसता."

"दोघांनी मिळान धरूया."

"ही काय होडी ओढूची आसा, दोघांनी धरूक?"

सौदा अडला. चूड बोटांपर्यंत येत होती आणि धाकटा ती एकदा या हातात, एकदा त्या हातात घेत होता. शेवटी भटजींना घाई झाली असावी. ते म्हणाले, "सत्यनारायणाला बायको यजमानाच्या हाताला हात लावते की नाही? तसा लावा. पुण्य दोघांना. रीतही मोडत नाही."

मागे कोणीतरी खोकला काढला. ते हसू होतं, मला कळतं. काकांनी मान डोलावली. थोरला खाडीकडे बघायला लागला.

म्हणजे मी, ज्याच्यापुढे दलाल पाणी मागतात, माझ्याहून लहान भावाच्या बायकोसारखा उभा राहून त्याच्या कोपराला हात लावणार. याहून वाईट बोली मला कधी कोणी लावली नव्हती. मी लगेच हो म्हटलं.

त्याच्या खांद्यावरून ओला पंचा लोंबत होता. त्याच्याखालून मी हात घालून कोपर धरलं. थंडगार होतं. आम्ही दोघे वाकलो, त्याने चूड पायांशी लावली, आणि आंब्याच्या लाकडाने लगेच पेट घेतला. कोरडं होतं ना. उजवा हात तसाच पुढे ठेवून धाकट्याने डावा हात पंचाखाली आणला आणि माझी बोटं धरली. पाचही. घट्ट. माझ्या हाताने ते सवयीने वाचलं: पाच. शेकडा की हजार ते तोंडाने सांगावं लागतं. त्याला बोलता येत नव्हतं. मलाही विचारता आलं नाही.

मडकं फुटलं, आंघोळी झाल्या, घरी आलो. संध्याकाळी मी माजघराच्या दारात गेलो. दिवसभराचं सांगायचं होतं. खाट बाहेर काढून ठेवली होती आणि त्या जागी पीठ पसरून दिवा लावलेला होता. मी काय दिलं, काय मिळालं, कोपरावर कसं तुटलं, सगळं जुळवून आलो होतो. उंबऱ्यावर थोडा वेळ उभा राहिलो. बायकोने आतून विचारलं, "कोण होया?" मी म्हणालो, "कोण नाय."

बाराव्यापर्यंत सगळं धाकट्याने केलं. मी लाकडं, पत्रावळी आणि पाण्याचा टँकर बघितला. आता वाडीत मला फाटी म्हणत नाहीत. सत्यनारायण म्हणतात. थोरल्याने ते मुंबईतही पोचवलं आहे, आणि मी त्याच्याशी सध्या बोलत नाही.

धाकटा अधूनमधून गोव्याहून परतताना येतो, खळ्यात बसून चहा घेतो. ते पाच कशाचे होते, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. आयुष्यात एकदा आधी बोललो, तेवढं पुरे आहे.