वसंताचा काळा झगा

ह्यातल्या एका बी शब्दावर तुहा विश्वास बसला ना बाई, तं मले येऊन सांगजो. माह्या जावेचा तं अजून बसला नाही, अन् पोरगं तिचंच हाय!

घरात कापूस भरला का कसं होते? बसाले गेलं का लुगड्याले चिकटते, भाकरीत बी सापडते. बीए झालेलं पोरगं घरात असलं का किस्स्याईचं तसंच होते. मी आपली चवथीतून शाळा सोडलेली, पन वसंता बीए झाला अन् मले जल्माचं बोलाले भेटलं.

*

वसंता म्हंजे माह्या दिराचा पोरगा. मले मोठी आई म्हनते. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, अन् जानेफळच्या अंगाले आमच्या गावात बीए झालेला हा पयलाच.

नागपुरावरून येताना एक फोटू घेऊन आला. अंगात काळा झगा, हातात कागदाची सुरळी. जाऊबाईनं तो देवाजवळ टांगला अन् रोज त्याले बी उदबत्ती दाखवाले लागली.

शेजारचे संपतबुवा फोटू पाहाले आले. लय वेळ पाह्यला. असा काळा झगा त्याईनं मेहकरच्या कोर्टातच पाह्यला होता. वसंता म्हने, बुवा, मी वकील नाही, झगा भाड्याचा होता, फोटू काढून वापस केला.

संपतबुवा बाहेर ओट्यावर जाऊन लोकाईले म्हनतात, "वकीलच हाय. कबूल करत नाही, तिथंच समजलं!"

*

मंग गावात जो भेटन तो इचारे, आता काय चालू हाय? हा म्हने, अर्ज टाकले हायत. दुसऱ्या दिवशी तोच मानूस, तोच सवाल. सकाळी टमरेल घेऊन निंगाला तरी लोकं त्याले रस्त्यात थांबवत.

शेवटी मीच एकाले म्हनलं, "जाऊ दे बाप्पा त्याले. हे काम बिना अर्जाचं हाय!"

*

बसून बसून कटाळला, तं एक दिवस बैलं जुपून तन काढाले, गुपचूप डवरं हानाले वावरात गेला. जाऊबाईले समजलं. धावतच गेली अन् कासरा त्याच्या हातातून हिसकून घेतला.

"काळा पडशीन ना रे! पाव्हने फोटू पाहून येतीन, अन् घरात मानूस दुसराच भेटन!"

तवापासून पोरगं सावलीत. उन्हात नुसती गोठ्यातली म्हैस.

*

मंग लोकं धुऱ्याची, म्हंजे वावराच्या बांधाची, भांडनं घेऊन याच्या दारात येऊन बसाले लागले. दोन भाऊ आले, धुऱ्यावरच्या एका बाभळीसाठी. वसंतानं हात जोडले, मले यातलं काही समजत नाही म्हने.

जाताना थोरला धाकट्याले म्हने, "महागाचा दिसते. पयल्या खेपेले तोंडच उघडत नाही."

*

ही कीर्ती पार पिंपळगाव राजाले पोचली. तिथल्या किसनरावाची पोरगी कमल लग्नाची होती, अन् किसनरावाची सख्ख्या भावासंग खामगावच्या कोर्टात धुऱ्याची केस चालू होती. घरचाच वकील जावई भेटला तं कोनाले नको? निरोप आला.

वसंता माह्या मागं लागला, मोठी आई, तूच त्याईले खरं सांगून टाक. मी म्हनलं, नवरदेव तू, मी काऊन सांगू?

पोरगी पाहाले निंगालो, तं एसटीत पाय ठेवाले जागा नव्हती. मी कंडक्टरले म्हनलं, वकीलसाहेबाची मोठी आई हाय मी. मले जागा भेटली. वकीलसाहेब खामगाव येईपरेंत माह्यावर डोळे काढून उभे!

*

कमल पाटावर खाली मान घालून बसली. सैपाक येते काय, शिवन येते काय, सारं इचारून झालं. माही चिडवाची खोड तुले ठाऊक हाय. मी म्हनलं, "सारं दूध मांजरीनं पेलं अन् दारात पाव्हने आले, तं त्याईच्या समोर काय ठेवशीन?"

खाली पाहूनच म्हने, "मांजर."

वसंता फसकन हासला. अन् मंग पाहातच राह्यला तिच्याकडं. मले समजलं, आता ह्याच्या तोंडातून खरं निंगत नाही.

आमच्याकडं पोरगी पसंत पडली का मोठ्या बाईनं तिची ओटी भराची. ओटी भरली म्हंजे जमलं, मंग मांगं फिरनं नाही. मी तांदूळ अन् नारळ घेऊन उठली. तेवढ्यात किसनरावानं केसच्या कागदाचं गाठोडं सोडलं अन् वसंतासमोर सरकवलं. जावईबापू, एवढं पाहून घ्या म्हने.

वसंतानं माह्याकडं पाह्यलं. घडीभर गप राह्यला असता, तं ओटी भरून झाली असती. मी नारळाकडं पाह्यलं.

"मी वकील नाही," वसंता म्हने. "नुसता बीए हाय. नोकरी बी नाही अजून."

किसनरावानं गाठोडं परत बांधलं. गाठ दोनदा आवळली. मंग मले म्हने, "ओटी राहू द्या, बाई."

वसंताच्या तोंडाकडं पाहावत नव्हतं. मी आपली तांदूळ-नारळ धरून बुजगावन्यावानी उभी.

कमलनं मान काही वर केली नाही. दोन्ही हातानं पदर घेतला अन् माह्यासमोर पसरला.

"भरा, मोठी आई. नारळ जड असन."

मंग मी काय केलं म्हनतं? जाय बाई, जाय आता. कमल वावरातून येतच असन, मले चूल पेटवाची हाय.